चौथ्या गिगाबाइटच्या पलीकडे

अमिगा संगणकासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना कमोडोर कंपनी ज्या हेडर फायली देत असे, त्यांत ‘एक्झेक’ या कप्प्यात आयओ.एच नावाची एक छोटी फाईल आहे. माथ्यावर १९८५ पासूनच्या स्वामित्वहक्काची ओळ आणि खाली एका अर्जाचा नमुना. डिस्क असो, प्रिंटर असो की सिरियल पोर्ट, उपकरणाकडून काम करून घ्यायचे तर प्रोग्रामने हा अर्ज भरून द्यायचा. हुकूम कोणता, किती बाइट हवेत, ते मेमरीत कुठे ठेवायचे, आणि सगळ्यांत खालच्या रकान्यात, उपकरणावर सुरुवात कुठून करायची. या खालच्या रकान्याचे नाव आयओ_ऑफसेट. त्याची रुंदी ३२ बिट, आणि डिस्कच्या बाबतीत मोजमाप बाइटमध्ये.

१९८५ साली बाजारात आलेल्या पहिल्या अमिगाची मेमरी २५६ किलोबाइट होती आणि फ्लॉपी ८८० किलोबाइटची. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ बाइटपर्यंत मोजता येते, म्हणजे तसल्या ४,७६६ फ्लॉपी. रकाना आखणाऱ्याने हात आखडता घेतला असे कोणी म्हणणार नाही.

आज अमिगा ६०० आणि अमिगा १२०० यांतल्या मूळ हार्ड डिस्क बहुतेक ठिकाणी बंद पडल्या आहेत आणि त्यांच्या जागी हौशी मंडळी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवतात. तक्रारी तीन तऱ्हेच्या येतात. एखादे कार्ड पहिल्या दिवसापासून ओळखलेच जात नाही. एखादे लहान फायली नीट देते आणि मोठ्या फायली नासवते. एखादे सहा महिने झकास चालते आणि एक दिवस अख्खी डिस्क कोरी असल्यासारखे वागते. यावर तोंडोतोंडी चालत आलेली उत्तरेही तीनच: नवे कार्ड जुन्या यंत्राला फार वेगवान पडते, अमुक कंपनीचे चालते पण तमुक कंपनीचे चालत नाही, आणि चार गिगाबाइटच्या वर जाऊ नये. तिसऱ्यात तथ्य आहे, दुसऱ्यात थोडे, पहिल्यात जवळपास नाही.

मराठी वाचकाला हा प्रकार परका नाही. बखरीत प्रसंग बहुधा खरा असतो, सनावळ्या आणि कारणे मात्र सांगणाऱ्याची असतात. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढणाऱ्या राजवाड्यांनी अस्सल पत्रे पुढे आणली ती त्यासाठीच. मेमरी कार्डाच्या बखरीलाही अस्सल पत्रे आहेत, आणि सुदैवाने ती सगळी शाबूत आहेत. कमोडोरच्या हेडर फायली आहेत. रॉमच्या चिप्स आहेत, ज्यांच्या पोटात प्रत्येक भागाचे नाव, आवृत्ती आणि तारीख अक्षरांत लिहिलेली असते. हार्ड डिस्कच्या आयडीई जोडणीचे एटीए मानक आहे, कॉम्पॅक्टफ्लॅश असोसिएशनचे विनिर्देश आहेत, आणि खुद्द कार्ड आहे, जे विचारल्यावर स्वतःची माहिती ५१२ बाइटांत सांगते. कार्डावर छापलेले लेबल हेही साधनच, पण सगळ्यांत कमी भरवशाचे. ते का, हे पुढे येईल.

आधी सनावळी लावून घेऊ. अमिगा ६०० आणि १२०० ही दोन्ही यंत्रे १९९२ ची. अमिगा १२०० च्या ३.१ या रॉममध्ये आयडीई डिस्क हाताळणारा जो ड्रायव्हर आहे, त्याच्या पोटातली ओळ सांगते: आवृत्ती ४०.१२, तारीख २१.१२.९३. (बाहेरून त्याला हाक मारायची ती मात्र स्कझी.डिव्हाइस या नावाने. आधीच्या स्कझीवाल्या यंत्रांसाठी लिहिलेल्या प्रोग्रामना तेच नाव ठाऊक होते.) एटीए मानकाचा पहिला मंजूर मसुदा १९९४ चा. सॅनडिस्कने कॉम्पॅक्टफ्लॅश आणले ते १९९४ मध्ये, असोसिएशन स्थापन झाली १९९५ मध्ये. आणि कमोडोरने दिवाळखोरी जाहीर केली २९ एप्रिल १९९४ ला. म्हणजे ड्रायव्हर लिहून झाला तेव्हा ते कार्ड बाजारात नव्हते, आणि कार्ड रुळले तेव्हा ड्रायव्हर दुरुस्त करणारी कंपनी नव्हती. या दोघांची गाठ पडली ती फक्त कागदावरच्या समान कलमांमुळे.

ती कलमे बरीच उदार आहेत. कॉम्पॅक्टफ्लॅशच्या विनिर्देशाप्रमाणे कार्डाने ३.३ आणि ५ अशा दोन्ही व्होल्टांवर चालले पाहिजे, म्हणून १९९२ च्या ५ व्होल्टी यंत्रात ते थेट बसते. कार्डाला ५० पिना असतात. वीज येताच नववी पिन जमिनीला जोडलेली आढळली, तर कार्ड स्वतःला साधी आयडीई हार्ड डिस्क समजू लागते. तशी नसली तर ते पीसी कार्डच्या रूपात उठते. बाजारातला स्वस्त अडॅप्टर म्हणजे एका बाजूच्या पिना दुसऱ्या बाजूला नेणाऱ्या तारा, एवढेच. त्यात अक्कल नसते. नवव्या पिनेचा सांधा कच्चा असेल तर कार्ड आयडीईच्या रूपात येतच नाही आणि दोष कार्डाच्या माथी बसतो. पहिल्या तऱ्हेच्या तक्रारीत मल्टिमीटरने तपासायची ही पहिली जागा.

वेगाचे काय? अमिगा १२०० चा आयडीई पोर्ट पीआयओ पद्धतीने, त्यातही सगळ्यांत संथ अशा शून्य क्रमांकाच्या मोडने चालतो. या पद्धतीत प्रत्येक शब्द उचलण्याची वेळ यंत्र ठरवते. यंत्राने वाचनाची तार खाली ओढली की कार्डाने माहिती मांडायची. कार्डावर कितीही मोठा वेग छापलेला असो, यंत्राने विचारल्याशिवाय ते बोलत नाही. वेगवान कार्ड संथ यंत्राला ‘पडते’ ही समजूत या कलमापुढे टिकत नाही. लांब केबलमुळे सिग्नल बिघडणे हा प्रकार खरा आहे, पण त्याचा संबंध केबलशी आणि जोडणीशी. लेबलावरच्या वेगाशी नाही.

कंपनीनुसार फरक पडतो यात मात्र थोडे तथ्य आहे, आणि ते कार्डाच्या ओळखपत्रात सापडते. आयडीई यंत्र सुरुवातीला डिस्कला विचारते, तू कोण? उत्तरात २५६ शब्द येतात. कॉम्पॅक्टफ्लॅशची सही म्हणून पहिला शब्द हेक्स पद्धतीत ८४८ए असा ठरलेला आहे. एटीए मानकाच्या चष्म्यातून हा शब्द वाचला तर त्यातला सातवा बिट सांगतो की माध्यम काढता येणारे आहे. असोसिएशनलाही ही अडचण कळली होती. आयडीईच्या रूपात वागताना ०४४ए द्यावा, म्हणजे कार्ड पक्क्या डिस्कसारखे दिसेल, अशी मुभा विनिर्देशातच आहे. काही उत्पादक एक शब्द देतात, काही दुसरा. पीसीवर कार्ड तयार करताना याचा त्रास जास्त जाणवतो, कारण विंडोज काढत्या माध्यमाला आणि पक्क्या डिस्कला वेगवेगळे वागवते.

अमिगा ६०० वाल्यांनी त्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी. शेलमध्ये ‘व्हर्शन’ एवढेच टाइप करायचे. किकस्टार्ट ३७.२९९ असे उत्तर आले तर कार्डाचा प्रश्नच उरत नाही, कारण त्या रॉममध्ये आयडीईचा ड्रायव्हरच नाही. ३७.३०० मध्ये तो आहे, पण ४० मेगाबाइटच्या पुढे अडखळतो. हार्ड डिस्कसह विकला जाणारा अमिगा ६०० एचडी २० किंवा ४० मेगाबाइटचा होता हे लक्षात घेतले म्हणजे त्या मर्यादेचे नवल वाटत नाही. ३७.३५० मध्ये ती अडचण दूर झाली. एकाच वर्षाच्या, बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या यंत्रांत ही तीन रॉम फिरत होती. ‘माझ्या ६०० मध्ये चालले, तुझ्यात का नाही’ या वादाचा निकाल बहुतेक वेळा या तीन आकड्यांत लागतो.

आता दुसरी तक्रार: लहान फायली ठीक, मोठ्या नासलेल्या. इथे पाहायचा कागद डॉस विभागातली फाइलहँडलर.एच ही हेडर फाईल. तिच्यात प्रत्येक पार्टिशनची कुंडली कशी मांडायची ते दिले आहे: सेक्टरचा आकार, पहिले सिलिंडर, शेवटचे सिलिंडर, बफर किती, आणि बऱ्याच खाली मॅक्सट्रान्सफर नावाचा रकाना, एका दमात जास्तीत जास्त किती बाइट मागायचे ते सांगणारा. अमिगाची फास्ट फाइल सिस्टीम मोठी मागणी या आकड्याच्या मापाने तोडते आणि तुकडे ड्रायव्हरकडे पाठवते. आकडा फार मोठा लिहिलेला असेल तर तोडण्याचा प्रसंगच येत नाही, अख्खी मागणी एकाच अर्जात खाली जाते.

खाली एटीए मानक बसलेले आहे. त्यात ‘किती सेक्टर’ हे सांगणारा रजिस्टर फक्त ८ बिटांचा. त्यात शून्य लिहिले तर अर्थ २५६ सेक्टर, आणि त्याहून जास्त एका हुकमात मागता येत नाहीत. २५६ गुणिले ५१२ म्हणजे १,३१,०७२ बाइट, बरोबर १२८ किलोबाइट. जुन्या रॉममधला ड्रायव्हर मोठ्या मागणीचे तुकडे स्वतः नीट पाडत नाही. त्यामुळे ४० किलोबाइटची फाईल सुखरूप येते आणि ७०० किलोबाइटची फाईल मधूनच भलती निघते. हे ताडून पाहायला एखादे मोठे एलएचए आर्काइव्ह कार्डावर उतरवावे आणि ‘एलएचए टी’ हा तपासणीचा हुकूम द्यावा. लहान आर्काइव्ह निर्वेध पार पडते, मोठ्यावर सीआरसीची तक्रार येते. असे घडले तर कार्ड बदलून काही साधत नाही; एचडीटूलबॉक्स या डिस्क मांडणाऱ्या प्रोग्राममध्ये जाऊन मॅक्सट्रान्सफर हेक्समध्ये १एफई०० करायचा. हा आकडा मंत्रासारखा हातोहात फिरतो, पण उलगडून पाहिला तर १,३०,५६० बाइट, म्हणजे २५५ सेक्टर. शून्य म्हणजे २५६ हा संकेत सगळ्या उपकरणांनी पाळला असेलच असे गृहीत न धरता एक सेक्टर कमी मागण्याचा शहाणपणा त्यात दिसतो.

हा आकडा राहतो कुठे, तर कार्डावर, यंत्रात नव्हे. म्हणून चुकीचा आकडा लिहिलेले कार्ड एका अमिगातून दुसऱ्यात घातले तर बिघाडही बरोबर जातो, आणि त्या कार्डाची हुबेहूब प्रत दुसऱ्या कार्डावर काढली तर तिथेही जातो. ‘हे कार्डच वाईट’ असे म्हणणाऱ्याचे निरीक्षण त्यामुळे चुकीचे नसते. दोष खरोखरच कार्डाबरोबर फिरत असतो, फक्त तो चिपमध्ये नसून तिच्यावर लिहिलेल्या चार बाइटांत असतो.

तिसरी तक्रार सगळ्यांत रंजक आणि सगळ्यांत महागात पडणारी. ती समजायला तीन कागद शेजारी शेजारी ठेवावे लागतात. फास्ट फाइल सिस्टीम आपल्या नोंदी ब्लॉकच्या क्रमांकात ठेवते, बाइटमध्ये नाही. दुसऱ्या टोकाला एटीए डिस्कही सेक्टरच्या हिशेबात चालते. २८ बिटांच्या क्रमांकाने तिथे १३७ गिगाबाइटपर्यंत पोचता येते. दोन्ही टोकांना ब्लॉकची मोजणी आहे आणि दोन्हीकडे ऐसपैस जागा आहे. मधल्या खिडकीवर मात्र आयओ.एचचा तो अर्ज, आणि त्यात बाइट भरायचे. म्हणून फाइल सिस्टीम ब्लॉकच्या क्रमांकाला ५१२ ने गुणते, ड्रायव्हर त्याच आकड्याला पुन्हा ५१२ ने भागतो, आणि या निष्कारण गुणाकार-भागाकारात वरचे बिट सांडतात.

सेक्टर क्रमांक ८३,८८,६१० घ्या. गुणिले ५१२ म्हणजे ४,२९,४९,६८,३२० बाइट. हा आकडा ३२ बिटांत मावत नाही. तेहतिसावा बिट गळतो आणि उरतात १,०२४. ड्रायव्हर त्याला ५१२ ने भागतो आणि सेक्टर क्रमांक २ वर लिहून मोकळा होतो. कोणतीही चूक कळवली जात नाही, कारण अर्जात जे लिहिले होते ते त्याने इमानाने केलेले असते.

कार्डाच्या आरंभी काय असते ते हार्डब्लॉक्स.एच ही हेडर फाईल सांगते. पहिल्या १६ सेक्टरांपैकी कुठल्यातरी एकात आरडीएसके या चार अक्षरांनी सुरू होणारी नोंद हवी. तिच्यापासून पार्टिशनच्या नोंदींची साखळी लागते, ज्यांची सुरुवात पार्ट या अक्षरांनी होते. यंत्र सुरू होताना याच नोंदी शोधते. त्या पुसल्या गेल्या तर यंत्राच्या दृष्टीने डिस्क कोरी. चौथा गिगाबाइट ओलांडून पलीकडे लिहिलेले पहिले काही सेक्टर नेमके इथे येऊन पडतात. त्यापुढचे येतात पहिल्या पार्टिशनवर, जिथे बहुतेकांची वर्कबेंच असते. दुसरे, मोठे पार्टिशन भरत जाते आणि मरते ते पहिले.

मग सहा महिने सगळे ठीक कसे चालते? वाचतानाही तोच बिट गळतो, हे त्याचे कारण. सेक्टर ८३,८८,६१० वर लिहिलेले सेक्टर २ वर गेले, आणि पुन्हा ८३,८८,६१० मागितले तर तोच सेक्टर २ वाचून मिळतो. लिहिणे आणि वाचणे एकाच पद्धतीने चुकत असल्यामुळे चूक दिसत नाही. एका जागेचे दोन धनी झालेले असतात, पण दोघेही आपापल्या कामासाठी तिथे जाईपर्यंत भांडण होत नाही. रिकाम्या कार्डावर ते होतच नाही. फॉरमॅट करून दोन-चार फायली उतरवून ‘आठ गिगाबाइटचे कार्ड माझ्याकडे उत्तम चालते’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याने फक्त ते भरून पाहिलेले नसते.

मेलेल्या कार्डाचे शवविच्छेदन सोपे आहे. पीसीवर हेक्स व्ह्यूअरमध्ये पहिले सेक्टर उघडावेत. (कार्ड जोडल्यावर विंडोज ‘डिस्क इनिशियलाइझ करू का’ असे विचारते, तिथे हो म्हटले तर विंडोज पहिल्याच सेक्टरवर स्वतःची नोंद लिहिते, म्हणून नाहीच म्हणायचे.) फास्ट फाइल सिस्टीम डेटाच्या ब्लॉकला स्वतःची शीर्षनोंद लावत नाही, पूर्ण ५१२ बाइट मजकुराचेच असतात. त्यामुळे आरडीएसकेच्या जागी एखाद्या चित्राचा किंवा गाण्याचा तुकडा सरळ दिसतो. ती फाईल कोणती आणि ती कधी कार्डावर टाकली हे मालकाला आठवले की मृत्यूची तारीखही मिळते. याउलट तिथे नुसती शून्ये किंवा वाचताच न येणारे सेक्टर असतील तर मात्र कार्डाचाच संशय धरावा.

लेबलाचा हिशेब इथेच चुकता करून टाकू. ‘४ जीबी’ असे छापणारे कार्ड-उत्पादक दशमान पद्धतीने मोजतात: ४,००,००,००,००० बाइट किंवा त्याच्या आसपास. अर्जाची मर्यादा मात्र दोनाच्या पटीतली, ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे चार गिगाबाइटचे लेबल असलेले कार्ड मर्यादेच्या सुमारे साडेएकोणतीस कोटी बाइट अलीकडे थांबते. ‘चारचे चालते, आठचे मरते’ या अनुभवामागे कुठलीही जादू नाही, दोन मोजमापांतली ही फट आहे. त्याच लेबलाच्या दोन कार्डांची सेक्टरसंख्या सारखी असेलच असेही नाही. खरा आकडा कार्डाच्या ओळखपत्रातल्या ६० आणि ६१ क्रमांकाच्या शब्दांत असतो. एका चार जीबीची प्रत दुसऱ्या चार जीबीवर ‘मावत नाही’ म्हणून चक्रावलेल्यांनी तो वाचावा.

या खिंडीतून वाट काढणारे दोन उपाय कमोडोर बुडाल्यानंतर निघाले आणि दोघांनी एकच युक्ती केली. अर्जात आयओ_ॲक्च्युअल नावाचा आणखी एक ३२ बिटांचा रकाना आहे. काम झाल्यावर प्रत्यक्षात किती बाइट हलले ते उपकरणाने त्यात लिहून परत द्यायचे असते. जाताना तो रिकामाच जातो. त्या रिकाम्या रकान्यात ऑफसेटचे वरचे ३२ बिट भरायचे ठरले. अर्जाची लांबी वाढली नाही, जुने प्रोग्राम मोडले नाहीत. मला हा अमिगाच्या उत्तरायुष्यातला सगळ्यांत चतुर तोडगा वाटतो. पण हुकमाचे क्रमांक ठरवताना मात्र दोन पंथ झाले. टीडी६४ वाल्यांनी नेहमीच्या रांगेतले २४ ते २७ हे क्रमांक घेतले. एनएसडी वाल्यांचे म्हणणे, त्या रांगेत इतर उपकरणांचे खासगी हुकूम असू शकतात. म्हणून त्यांनी हेक्समध्ये सी००० पासून पुढचे क्रमांक घेतले आणि ४००० या क्रमांकावर ‘तुला काय काय येते’ असे उपकरणाला विचारण्याची सोय ठेवली. फाइल सिस्टीम एका पंथाची आणि ड्रायव्हर दुसऱ्या पंथाचा असेल तर दोन्ही नवे असूनही मर्यादा तशीच राहते. ‘सगळे अपडेट केले तरी चार जीबीच’ या गाऱ्हाण्यामागे ही जोडी तपासून पाहावी. तिसराही मार्ग आहे: हुकूम क्रमांक २८, ज्यात स्कझीचा हुकूम जसाच्या तसा गुंडाळून पाठवता येतो. स्कझीच्या हुकमात ब्लॉकच मोजले जातात, त्यामुळे बाइटची खिडकी टळते. पीएफएस३ ही फाइल सिस्टीम हा रस्ता वापरू शकते.

१९९९ साली हागे अँड पार्टनरने अमिगाच्या कार्यप्रणालीची ३.५ ही आवृत्ती काढली तेव्हा चार गिगाबाइटच्या पलीकडचा आधार अधिकृतपणे आला. तरी एक मेख राहिलीच. नवा ड्रायव्हर डिस्कवरून सेटपॅच या हुकमाकरवी चढतो, म्हणजे आधी जुन्या रॉमनेच डिस्क वाचायची. म्हणून ज्या पार्टिशनवरून यंत्र सुरू होते ते पहिल्या चार गिगाबाइटच्या आतच हवे.

कार्ड डाव्या बाजूच्या पीसीएमसीआयए खाचेत घातले तर वरचे फारसे काही लागू होत नाही, तिथल्या अडचणी वेगळ्या. दोन सांगण्याजोग्या. या खाचेला मेमरीच्या नकाशात हेक्स ६००००० पासून चार मेगाबाइटची जागा दिलेली आहे, आणि अमिगा १२०० च्या पोटात ८ मेगाबाइटचे जुने विस्तार कार्ड बसवले तर ते तीच जागा मागते. मेमरी वाढवली आणि कॉम्पॅक्टफ्लॅश ‘गेले’, हे त्यामुळे. दुसरी अडचण, कंट्रोल आणि दोन अमिगा कळा दाबून यंत्र पुन्हा सुरू केले की कार्डाला रीसेट नीट पोचत नाही. ते ओळखले जात नाही आणि काढून घातले की पुन्हा दिसते.

बाइट मोजायचे की ब्लॉक, हा घोळ फक्त अमिगाचा असता तर त्याला एका कंपनीची चूक म्हणून सोडून देता आले असते. पण बारा-चौदा वर्षांनी, दुसऱ्या लोकांनी, दुसऱ्या कामासाठी आखलेल्या कागदात तो जसाच्या तसा आढळतो. सीमेन्स आणि सॅनडिस्क यांचे मल्टिमीडिया कार्ड १९९७ चे. मात्सुशिता, सॅनडिस्क आणि तोशिबा यांचे एसडी कार्ड १९९९ चे. त्यांच्या वाचनाच्या हुकमालाही ३२ बिटांचा एकच रकाना, आणि त्यातही बाइटच. कार्डाची क्षमता सांगायला १२ बिटांचा एक आकडा आणि एक गुणक. विनिर्देशात हिशेबाचे उदाहरण दिले आहे ते ३२ मेगाबाइटच्या कार्डाचे, यावरून लिहिणाऱ्यांच्या नजरेपुढे काय होते ते कळते. ५१२ बाइटचा ब्लॉक धरला तर हे सूत्र एका गिगाबाइटवर संपते. दोन गिगाबाइटचे कार्ड बसवायला ब्लॉकची लांबी १,०२४ अशी नोंदवायची, असा खुलासा त्यात आहे. तो रकाना न वाचता ५१२ गृहीत धरणारे जुने सॉफ्टवेअर दोन गिगाबाइटचे कार्ड एकच गिगाबाइटचे समजते.

२००६ च्या २.०० या आवृत्तीने एसडीएचसी आणले आणि त्याच रकान्यात बाइटऐवजी ब्लॉकचा क्रमांक भरायचा असे ठरवले. जुन्या यंत्राने नकळत भलतीकडे लिहू नये याची काळजीही या वेळी घेतली गेली. यंत्राने आठव्या क्रमांकाचा हुकूम देऊन आणि ‘मला मोठ्या क्षमतेचे कळते’ असा बिट लावून ओळख पटवली नाही, तर कार्ड ‘अजून तयार नाही’ एवढेच सांगत राहते. अमिगाच्या मूकपणापेक्षा हा नकार कितीतरी बरा. ओळख नीट करून देणारे पण कार्डाचे उत्तर न वाचणारे अर्धवट सॉफ्टवेअर मात्र गमतीदार फसते. शून्याला ५१२ ने गुणले तरी शून्यच, म्हणून पहिला सेक्टर अचूक वाचला जातो. नंतरचा प्रत्येक सेक्टर ५१२ पट दूरचा. पार्टिशन दिसते, फायली दिसत नाहीत, असे झाले की कारण इथे शोधावे.

याचा अनुभव ज्या यंत्रावर येतो त्यातले एक आपल्याकडच्या अनेकांनी शाळेत पाहिले आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने निवडक शाळांत ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, त्यात आलेला संगणक म्हणजे एकॉर्नचा बीबीसी मायक्रो. त्याच्या यूजर पोर्टला, म्हणजे ६५२२ या चिपच्या तारांना, एसडी कार्ड जोडता येते. एसडी कार्ड २.७ ते ३.६ व्होल्टचे आणि पोर्ट ५ व्होल्टचा, त्यामुळे इथे व्होल्टेजची भीती खरी आहे आणि मध्ये पातळी बदलणारी जोडणी लागते. कार्डावर बीब.एमएमबी नावाची एकच फाईल ठेवायची, तिच्यात २०० किलोबाइटच्या ५११ डिस्क मावतात. सगळी मिळून १०,४६,६०,९९२ बाइट, आणि ते कार्डावर सलग हवेत, तुकड्यांत नाही. ३२ गिगाबाइटच्या कार्डातला तीनशेवा हिस्साही हे यंत्र वापरत नाही. क्षमतेची त्याला गरजच नाही, तरी एसडीएचसीची ओळख-परेड न येणारा जुना रॉम असेल तर कार्ड उठत नाही आणि एमएमएफएस या फाइल सिस्टीमचा नवा रॉम घालावा लागतो.

अमिगाकडे २०१८ मध्ये हायपेरियनच्या ३.१.४ या आवृत्तीने ही दुरुस्ती रॉममध्येच आणली. ड्रायव्हर आणि फाइल सिस्टीम दोन्ही मोठ्या डिस्कसाठी तयार. जुने कार्ड नव्या रॉममध्ये घालताना एक प्रश्न नेहमी विचारला जातो: कार्डाच्या आरंभी जी फाइल सिस्टीम साठवलेली आहे ती चालेल की रॉममधली? हार्डब्लॉक्स.एचमध्ये त्या साठवलेल्या प्रतीसाठी आवृत्तीचा रकाना आहे. यंत्र दोन्ही आवृत्त्या पाहते आणि नवी असेल ती घेते. पण आधीच दोन धनी झालेले कार्ड यामुळे सुधारत नाही, उलट बिघडलेले दिसू लागते: नवा ड्रायव्हर ८३,८८,६१० मागितल्यावर खरोखर तिथे जातो, आणि तिथे जुन्या रॉमने कधीच काही लिहिलेले नसते. फायलींची नावे दिसतात, आतला मजकूर नाहीसा. तेव्हा अशा कार्डावरचे जे हवे ते आधी जुन्याच रॉमखाली दुसरीकडे उतरवून घ्यावे, मग रॉम बदलावी आणि कार्ड नव्याने मांडावे. आणि मांडून झाले की पहिल्या पार्टिशनच्या अलीकडचे सगळे सेक्टर पीसीवर एका फायलीत काढून ठेवावेत. फक्त पहिले १६ पुरत नाहीत, साठवलेली फाइल सिस्टीम त्यांच्या पुढेही पसरलेली असते.